हलगी तापवायला जाळ कुठे?

डॉल्बीचा पहिला ठोका पडला आणि आजीनं दोन्ही कानांवर पदर घेतला. बेळगावात वडगावकडचं लग्न. वरातीपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कपाटाएवढे बॉक्स रचलेले, मागे जनरेटर. आजीच्या छातीत धडधडायला लागलं म्हणून तिला गल्लीच्या तोंडाशी एका कट्ट्यावर बसवलं आणि परत येऊन लॅपटॉपवाल्या पोराला म्हटलं, जरा कमी कर रे. पोरगा उद्धट नव्हता. म्हणाला, “दादा, बीट पडल्याशिवाय पब्लिक नाचत नाही.” पाऊण तासात देवीचं गाणं झालं, लावणी झाली, हिंदी झालं, कन्नड झालं. सगळ्यांच्या पोटात तोच एक ठोका भरलेला. आईच्या आवडीचं एक जुनं भावगीतही त्याच ठोक्याखाली भरडून निघालं, आणि आईनं ते ओळखलंच नाही. रात्री दहाला नियमाप्रमाणे आवाज बंद झाला, तरी माझे कान पहाटेपर्यंत वाजत होते.

मी गाणारा नव्हे, ऐकणारा. पण ऐकणाऱ्यालाही राग येतो, आणि माझा बरीच वर्षं साठत आलाय. फोनवर येणारं प्रत्येक नवं गाणं घाईत असतं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ऐकलं असं धरतात, मग सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा कोण ठेवणार? ध्रुवपद आधीच येऊन दारात उभं राहतं. गळे यंत्रातून इतके सरळ करून आणलेले असतात, की कोण गातंय ते आवाजावरून कळत नाही. ज्या गाण्यात गाणाऱ्याचा गळा ओळखू येत नाही त्याच्याशी माझं नातं जुळत नाही.

त्याच लग्नात सकाळी देवदर्शनापुरते दोन हलगीवाले आणि त्यांच्या साथीला घुमकं नावाचा ढोल वाजवणारा एक घुमकंवाला बोलावले होते. कार्यालयाच्या मागं रद्दी पेटवून ते हलग्या शेकत होते. हलगीचं चामडं गार असलं की सैल पडतं, आवाज बसतो. जाळावर धरलं की ताणतं आणि मग ती कडकडीत बोलते. दर थोड्या वेळानं हे करावंच लागतं. पण फरशी काळी होते म्हणून कार्यालयातल्या माणसानं जाळ विझवायला लावला. अर्धवट तापलेल्या हलग्यांवर त्यांनी पाच मिनिटं वाजवलं, नारळ घेतला आणि निघाले. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, छान वाजवलंत. त्यातला थोरला थांबला. “ह्येला काय वाजवणं म्हणत्यात व्हय? चिंचलीच्या जत्रंला या. तिथं न्हाई भेटलो तर दुसऱ्या दिवशी आमच्या गावात कुस्त्यांचं मैदान हाय.” चिकोडी तालुक्यातल्या आपल्या गावाचं नाव त्यानं सांगितलं, नंबरही दिला.

म्हणून हा प्रवास.

माघ पौर्णिमेच्या सुमाराला मिरजेकडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरली. “इतक्या सकाळी कुठं जाऊलास?” असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर “गाणं ऐकायला” एवढंच सांगितलं. डब्यात जत्रेला निघालेली माणसं, पिशव्यांतून भंडाऱ्याच्या पुड्या. सुळेभावी आलं तेव्हा मी उठून दारात उभा राहिलो. दरवेळी राहतो. ८ एप्रिल १९२४ रोजी या गावात कानडी घरात एक मुलगा जन्मला, ज्याला पुढे सगळ्यांनी कुमार गंधर्व म्हणून ओळखलं. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून नाव झालं, आणि ऐन भरात क्षयानं गाणं थांबलं. त्या वर्षांत देवासला अंथरुणावर पडून ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. ज्याचा स्वतःचा आवाज बंद झालाय, असा माणूस खिडकीबाहेरचं गाणं इतकं मन लावून ऐकतो, हे आठवलं की मला धीर येतो. गाडी तिथं मिनिटभर थांबते, तेवढंच.

पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा. घटप्रभेनंतर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. रायबागला उतरून टमटम केली. मायाक्का देवीची चिंचली यायच्या आधीच रस्त्याचा रंग पिवळा झाला. सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या बैलगाड्या, बैलांची शिंगं भंडाऱ्यानं माखलेली, झाडाखाली तीन दगडांच्या चुली. “मायाक्काच्या नावानं चांगभलं!” एकीकडून मराठीत, दुसरीकडून कानडीत हाका.

इथंही कर्णे होते, पाळण्यांजवळ डॉल्बीसुद्धा होता. पहिले दोन तास मी नुसता चिडून फिरलो. संध्याकाळी गर्दीपासून थोडं लांब, शेतात, धनगरांचं एक रिंगण लागलं. चार ढोल, दोन कैताळ म्हणजे झांजा. पायघोळ झगे, कमरेला पटका, हातात रंगीत रुमाल. ढोल गळ्यात अडकवलेला, एका बाजूला टिपरं आणि दुसरीकडे उघडा तळवा. तळव्याचा आवाज जमिनीतून पायात येतो. डॉल्बीचा ठोकाही पायात येतो, पण तो आपल्याला ढकलतो. हा आपल्याला धरून ठेवत होता.

रिंगणात एक म्हातारी आली. साठी कधीच उलटलेली, पायात काही नाही. ती नाचायला लागली तेव्हा तिची पावलं ढोलाच्या मागं पडत होती. मोठ्या ढोलवाल्यानं मान खाली घातली आणि तिच्या पायांकडे बघत हात सैल केला. बाकीचे तीन ढोल त्याच्या मागोमाग सैल झाले. ठेका म्हातारीच्या चालीवर आला. मग तिच्या अंगात जसा जोर चढत गेला तसा त्यानं ठेका चढवत नेला, तिच्यापुढे अर्धं पाऊलसुद्धा न जाता. किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. कैताळांची किनार अंधारात चमकत होती. मला लॅपटॉपवाल्या पोराचं वाक्य आठवलं. त्याला वाटतं बीट पडल्यावर माणूस नाचतो. इथं माणूस नाचत होता आणि ठोका त्याच्या पायांखाली जाऊन पडत होता.

रात्री ओवी झाली. ओवी म्हणजे आधी गायचं, मग गायलेलं बोलून सांगायचं. एक जण कानावर हात ठेवून उचलतो, बाकीचे ओळ धरतात, ढोल थांबला की कथा पुढं सरकते. बिरोबाची जन्मकथा चालली होती. कानडीत तो बीरप्पा, आणि मायाक्का त्याची बहीण. पन्नास पावलांवर दुसरं रिंगण तीच कथा कानडीत डोळ्ळूवर, म्हणजे त्यांच्या ढोलावर, सांगत होतं. माझ्या शेजारी बसलेले आजोबा एकदा या रिंगणाला मान डोलवत, एकदा त्या. म्हटलं, आजोबा, दोन्ही कळतं तुम्हाला? म्हणाले, “द्येव एकच हाय की. भाषा माणसांची.” आमच्या भागात भाषेवरून डोकी फुटलेली मी लहानपणापासून बघत आलोय. त्या शेतात कुणाला तो विषय सुचतही नव्हता.

हलगीवाले जत्रेत सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गावात पोहोचलो. तांबड्या मातीचा आखाडा, भोवती माणसांच्या रांगा, झाडांवरही माणसं. हलगी, घुमकं, कैताळ एका कोपऱ्यात, आणि त्यांच्या शेजारी चिपाडांचा जाळ राजरोस पेटलेला. पैलवान हात मिळवत होते तोवर ठेका सावकाश, खडाखडी सुरू झाली की दाट, आणि पट काढला रे काढला की हलगी अशी सुटायची की बसलेला माणूस उठून उभा राहायचा. वाजवणाऱ्याची नजर आखाड्यावरून हलत नव्हती. कुस्ती अडली की तोही अडायचा. थोरल्यानं मला ओळखलं. वाजवता वाजवताच हसला, आणि माझ्याकडे बघत एक लांबलचक तोडा वाजवला.

मैदान सुटल्यावर चहा घेतला. मी मनात एक भाबडी कल्पना घेऊन गेलो होतो, की हे लोक पैशासाठी वाजवत नाहीत म्हणून यांचं वाजवणं खरं. त्यानं ती लगेच मोडून काढली. “फुकट कोण वाजवतंय? सुपारी घेतो की. घुमकंवाल्याला चार लेकरं हायत.” बरोबरच आहे. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटक उभं केलं ते तिकीट लावूनच, आणि त्यात त्यांनी कानडी चाली बेधडक आणल्या. पैसे घेतल्यानं गाणं नासलं नाही. समोरच्या माणसाकडे बघणं सुटलं की नासतं, असं मला त्या चहाच्या टपरीवर वाटलं, आणि अजूनही वाटतं.

त्याचा मुलगाही तिथं होता, आयटीआय करणारा. तो वाजवत नाही. मी कारण विचारल्यावर आधी गप्प बसला. मग म्हणाला, लग्नात आम्हाला सगळ्यात शेवटी, वेगळं जेवायला बसवतात. बाबांना अजून “ए हलग्या” म्हणून हाक मारतात. डॉल्बीवाल्याला “भाऊ” म्हणतात. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हलगी मरत चालली म्हणून हळहळणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी हलगीवाल्याला आपल्या पंगतीत बसवलंय? त्या सकाळी वडगावात त्यांनी कुठं जेवण केलं, की केलंच नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मुलगा हल्ली फायबरची हलगी घ्या म्हणून बापाच्या मागं लागलाय. नट आवळले की झालं, जाळ नको, पावसाची भीती नको. बाप म्हणतो, “ती गार पडत न्हाई हे खरं. पर तापत बी न्हाई.”

परतताना गोकाकला थांबलो. श्रीकृष्ण पारिजात हा कानडी खेळ या मुलखाचा, कुलगोडच्या तम्मण्णानं गाजवलेला. तो रात्रभर बघायचा होता, पण त्या दिवशी कुठं लागला नव्हता. घटप्रभेचा धबधबा बघून निघालो. माघात पाणी बेताचंच.

गाडीत सौंदत्तीहून आलेली एक बाई चौंडकं घेऊन बसली होती. लाकडी नळा, खाली चामडं, मधून ओढलेली तार. तार ताणली-सैल केली की आवाज माणसासारखा चढतो-उतरतो. तिनं यल्लम्माचं एक पद म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पण मुली देवाला सोडण्याची जी रीत या गाण्यामागं आहे, ती कर्नाटकात १९८२च्या कायद्यानं बंद केलेली आहे आणि ती बंदच राहायला हवी. गाणं तेवढं हवं आणि रीत नको, हे माझ्यासारख्यानं सीटवर बसून म्हणणं सोपं आहे. मी तिला घर कुठं विचारलं, मुलं काय करतात विचारलं. मुलगी नर्सिंगला आहे म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

वैशाखात भाच्याचं लग्न आहे. घरात बोलून ठरवलं, डॉल्बी नाही, वरातीला हलगी. बहीण आधी कुरकुरली, मग भाच्यानंच तिला समजावलं. थोरल्याला फोन केला. सुपारीचा आकडा त्यानं सरळ सांगितला, मीही घासाघीस केली नाही. जेवण सगळ्यांबरोबर, पहिल्या पंगतीला, हे मी आधीच सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानंच विचारलं, “ते ऱ्हाऊ दे. जाळ करायला जागा हाय का?”

तीन कार्यालयांना फोन केले. तिघांनीही नाही म्हटलं, फरशीचं कारण सांगून. चौथं कार्यालय खानापूर रोडला, जुनं. तिथल्या काकांनी मला दोनदा विचारलं, हलगी म्हणजे खरी, चामड्याची ना? मग म्हणाले, “मागं आचाऱ्यांची भट्टी असतीया की रातभर. तिथं तापवा म्हणावं.”