पंख आणि पैठणी

दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, क्लिपा विकणारी बाई चढली. पुठ्ठ्यावर ओळीनं फुलपाखरं, स्प्रिंगवर बसवलेली. तिनं पुठ्ठ्याला टिचकी मारली आणि सगळी एकदम थरथरायला लागली. समोरच्या मुलीनं लगेच दोन घेतल्या. माझाही हात पुढे झाला होता, पण वय आठवलं.

फुलपाखरू हल्ली कुठे नसतं? रिक्षाच्या मागे, पार्लरच्या पाटीवर, सेल्फीच्या भिंतीवर. मला हा गोडवा सोसत नाही. म्हणून डेमियन हर्स्टबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरंच वाटलं होतं. या ब्रिटिश कलावंतानं १९९१ मध्ये लंडनला कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर जिवंत कोश चिकटवले. फुलपाखरं बाहेर पडली, खोलीभर उडली, साखरपाणी प्यायली आणि तिथेच मेली. खालच्या मजल्यावर रंगीत कॅनव्हासवर मेलेली फुलपाखरं, आणि टेबलावर थोटकांनी भरलेले ॲशट्रे.

मला आधी आठवले ते थेंब.

गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात कढीपत्ता होता. त्यावर अळ्या यायच्या. लहान असताना अगदी चिमणीच्या शिटेसारख्या, काळ्या-पांढऱ्या. कुणाला शंका येणार नाही. मग एक दिवस हिरव्यागार, गुबगुबीत. केरसुणीच्या हिरानं डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढायच्या आणि असा काही उग्र वास सोडायच्या की आम्ही पोरं ओरडत आत. आई म्हणायची, झटकून टाका. आजी म्हणायची, "खाऊ दे गं. फोडणीपुरता उरला तरी पुष्कळ." मग अळी काडीला एका धाग्यानं स्वतःला बांधून घ्यायची, रेल्वेचे खांब रंगवणाऱ्या माणसासारखी पट्ट्यावर रेलून. एकदा ती काडी आम्ही बरणीत ठेवली होती. फुलपाखरू बाहेर आलं ते ओलं, चुरगळलेलं, आणि पंख ताणता ताणता त्यानं बरणीखालच्या वहीवर मळकट थेंब टाकला. गणिताची वही. डाग शेवटपर्यंत राहिला. हर्स्टच्या पांढऱ्या कॅनव्हासचं काय झालं असेल, ते मी म्हणूनच कल्पनेनं पाहू शकते.

२०१२ मध्ये लंडनच्याच टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात हे पुन्हा मांडलं. तेवीस आठवड्यांत ९,०००हून जास्त फुलपाखरं मेली आणि प्राणिमित्र खवळले. खवळायलाच हवं होतं. पण माझं डोकं अडकलं त्याच्या दुसऱ्याच एका चित्रात, २००६च्या. सतरा फुटांहून रुंद, हजारो पंख जोडून चर्चच्या रंगीत काचांसारखं केलेलं. त्याचं नाव गीतेतून आलंय, अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपेनहायमरच्या तोंडून: मी काळ झालो आहे, लोकांचा संहार करणारा. अकरावा अध्याय, बत्तिसावा श्लोक. आजी दुपारी चष्मा नाकावर घसरवून हाच अध्याय म्हणायची. आणि त्याच्या तीनच श्लोक आधी काय आहे? 'यथा प्रदीप्तं ज्वलनं पतङ्गा'. पेटत्या आगीत वेगानं झेपावणारे पतंग! पंखांचं चित्र आणि पंखांचा श्लोक एकमेकांच्या इतके शेजारी, हर्स्टला हे ठाऊक असेल का कोण जाणे. आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग त्यात काय, सगळे जातातच की."

पतंगांचं एक बरं असतं. त्यांच्यासाठी कुणी खवळत नाही. रेशमाचा किडा पतंगच; कोशातून बाहेर पडू दिला तर धागा तुटतो, म्हणून आतल्या जिवासकट कोश उकळत्या पाण्यात टाकायचे. एका साडीला हजारोंनी लागतात. हर्स्टचा आकडा ऐकून आपण हळहळतो, आणि लग्नाच्या हॉलमध्ये किती आकडे सळसळत फिरत असतात, त्याची मोजदाद कोण ठेवतं? पंखांवर नक्षी असती तर ठेवली असती बहुतेक. अहिंसा रेशीम म्हणून एक निघालंय, पतंग उडून गेल्यावर काढलेलं. मी हात लावून पाहिलं. खरखरीत आहे.

आजीची पैठणी माझ्या कपाटात आहे, मलमलीत गुंडाळलेली. पदरावर मोर आहेत, फुलपाखरू एकही नाही. डिसेंबरात भाचीचं लग्न. नेसणार अर्थातच. ब्लाऊज तेवढा दंडात उसवून घ्यायला हवा.