हिंगुळाचा खडा आणि विहिरीतली गारगोटी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'रूपांतरित खडकांतले पाऱ्याचे साठे'. मी धुळे तालुक्यातली. आमच्याकडे कुठंही खणा, काळा पत्थर लागतो, नाहीतर नदीचा गाळ. रूपांतरित खडक, म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं बदललेले, पाहिले ते प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये.

सुरुवात केली ती दुकानातून. काष्ठौषधीवाल्याकडून हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधकाच्या लाल संयुगाचा, सुपारीएवढा खडा आणला. पारा मिळतो तो मुख्यतः यातूनच. हातात घेतला तर केवढा जड! पाण्याच्या आठपट घनता. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर ओढला की लालभडक रेघ उठते. फुटलेल्या अंगाला चकाकत्या सुयांसारख्या उभ्या रेषा. आजी डोकावली, "हाई काय करी ऱ्हायनी व? कुकू शे का?"

त्या सुयांनी मला फसवलं. खडक तापले, पाऱ्याची वाफ झाली, गंधकाला भेटली, हिंगुळ जमला, असं ठरवून पंधरा पानं लिहिली. सरांनी तिसऱ्या पानावरच पेन ठेवलं. "हा खडा भट्टीतला आहे. पारा-गंधक तापवून, त्याची वाफ वर थंड करून धरलेला. निसर्गाच्या माथी कशाला मारतेस?"

पुन्हा वाचायला बसले. पारा मुळात अगदी विरळ, पृथ्वीच्या कवचाच्या दहा लाख भागांत 0.1 भागही नाही. सेंद्रिय द्रव्य असलेला शेल, म्हणजे चिखलाचा थरांचा खडक, खोलवर तापतो तेव्हा तो पारा सुटतो आणि गरम, गंधकयुक्त पाण्याबरोबर फॉल्टच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, वाटेनं वर येतो. वर पाणी निवतं, उकळतं किंवा भूजलात मिसळतं आणि हिंगुळ साचतो, तोही बहुतेक 100 ते 200 अंशांत, जमिनीपासून फार खोल नाही. म्हणजे ज्या रूपांतरित खडकात तो सापडतो, तो खडक आधीचा आणि हिंगुळ मागाहून आलेला. उलट साठा झाल्यावर तो प्रदेश पुन्हा जोरात तापला, तर पारा पळून जातो.

हे वाचून कळलं, पण पटलं ते शेतात. दादांनी विहीर खोल केली तेव्हाचा मलबा बांधावर पडला होता. काळ्या पत्थराच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, पोकळीत गारगोटी आणि पांढरे झिओलाइटचे स्फटिक. लाव्हा कधीच निवून गेला होता, पोकळ्या नंतरच्या पाण्यानं भरल्या. हेच की!

मग कॅलिफोर्नियातल्या न्यू अल्माडेनचं प्रकरण झटकन लिहून झालं. तिथं सर्पेंटिनाइट या रूपांतरित खडकामध्ये कार्बन डायऑक्साइडचं गरम पाणी शिरलं. मऊ खडकाचं सिलिका आणि कार्बोनेट झालं. तो कडक, ठिसूळ खडक तडकला आणि त्या भेगांत हिंगुळ बसला. नाव मात्र स्पेनच्या अल्माडेनवरून, जिथून जगात आजवर निघालेल्या पाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश आला. तिथला क्वार्टझाइटमधला साठा ज्वालामुखींशी जोडतात, म्हणून मी त्याला दोनच पानं दिली.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी विचारलं, "खडक रूपांतरित नसता तर साठा झालाच नसता?"

"न्यू अल्माडेनला बहुधा नाही, सर. पण स्लोव्हेनियात इड्रियाला हिंगुळ शेल आणि डोलोमाइट अशा रूपांतरित नसलेल्या खडकांमध्येही आहे."

त्यांनी मान हलवली आणि टेबलावरचा माझा खडा उचलला. "आणि हा?"

"हा बाजारातला, सर."

ते हसले. खडा आता झाकणाच्या डबीत, आजीच्या कुंकवाच्या करंड्यापासून लांब, वरच्या फळीवर आहे. गारगोटी खिडकीत.