जाळ काहिलीच्या आत

"मॅडम, अठ्ठावीस किलो गेलं, पण टेंपरेचर काय हललं न्हाई बगा."

दुपारी पावणेतीनला खालून रिॲक्टरवरच्या मामांचा इंटरकॉम आला तेव्हा मी वर ऑफिसात मागच्या बॅचचे कागद लावत होते. आषाढाचा पाऊस कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या पत्र्यांवर असा कोसळत होता की मी त्यांना दोनदा विचारलं. किती? अठ्ठावीस. शंभरातलं अठ्ठावीस. मी जिना धावतच उतरले.

आमचं युनिट छोटं आहे. तेव्हा आम्ही वंगणाच्या चाचण्यांसाठी एक शुद्ध तेल बनवत होतो, 9-ऑक्टिलहेप्टाडेकेन. 25 कार्बन, 52 हायड्रोजन. हेच अणू एका सरळ साखळीत ओवले तर पेंटाकोसेन होतं, म्हणजे साधारण 54 अंशांना वितळणारं मेण. पण मधल्या एका कार्बनला आठ-आठ कार्बनच्या तीन फांद्या लावल्या, की रेणूंना एकमेकांवर नीट रचून बसता येत नाही आणि तोच ऐवज शून्याखालीही पातळ राहतो. या गोष्टीचं मला कॉलेजपासून अप्रूप आहे. टनावारी फांद्यांची तेलं हवी असतील तर 1-डेसीनचे रेणू एकमेकांना जोडून मग हायड्रोजन देण्याची पद्धत आहे, पण त्यातून मिश्रण मिळतं. एकच एक रेणू हवा असेल तर ग्रिन्यारच्या पद्धतीकडेच यावं लागतं. मॅग्नेशियम आणि ऑक्टिल ब्रोमाइडपासून ग्रिन्यार अभिकर्मक करायचा, त्याचे तीन भाग डायएथिल कार्बोनेटच्या एका भागावर घालायचे, मिळालेल्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं आणि शेवटी हायड्रोजन द्यायचा. व्हिक्टर ग्रिन्यार यांना या अभिकर्मकासाठी 1912 साली नोबेल मिळालं. कागदावर सगळं सोपं दिसतं.

गोची पहिल्या पायरीत आहे. मॅग्नेशियमच्या किसावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो फुटेपर्यंत काहीच होत नाही, आणि सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे ज्या द्रवात हे सगळं घडवायचं त्यात, पाणी असेल तर नुकताच तयार झालेला थेंबभर ग्रिन्यार तिथल्या तिथे मरतो. मग कधीतरी रिॲक्शन एकदम पेट घेते आणि तोवर साठलेलं सगळं ब्रोमाइड एका दमात खाऊन टाकते. दर मोलला 200 किलोज्यूलहून अधिक उष्णता.

जिना उतरता उतरता मी हाच हिशेब मांडत होते. रिॲक्टरमध्ये 13 किलो मॅग्नेशियम, 180 लिटर सॉल्व्हंट आणि न वापरलेलं 28 किलो ब्रोमाइड, सगळं 45 अंशांवर. ते एकाच वेळी पेटलं असतं तर सॉल्व्हंट 80 अंशांना, म्हणजे उकळबिंदूला पोचून वर निदान 45-50 किलो वाफ काही मिनिटांत उठली असती. वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या आमच्या कंडेन्सरला ती झेपणारी नव्हती.

खाली आल्याबरोबर डोसिंग पंप बंद करायला लावला आणि रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटचं गरम पाणी तोडून थंड ब्राइन, म्हणजे मिठाचं गार पाणी सोडलं. शिफ्टचा केमिस्ट आयोडीनची बाटली घेऊनच उभा होता. "दोन खडे टाकूया मॅडम, लगेच सुरू होईल." लगेच सुरू होईल हीच तर भीती होती. फ्लास्कमध्ये मी स्वतः शंभरदा आयोडीन टाकलंय, त्यामुळे त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. बाटली कपाटात ठेव म्हणाले आणि मामा सोडून सगळ्यांना शेडबाहेर काढलं.

मामा कागल भागातले. कारखान्यात येण्याआधी कितीतरी हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर काढलेत. ते गेजकडे बघत म्हणाले, "रस उतू जायला लागला की आमी चुलवाणातला जाळ वडतो. हितं जाळ वडायचा कुठनं?"

"इथं जाळ काहिलीच्या आतच आहे मामा. मॅग्नेशियम तळाला बसलंय."

हे माझ्या तोंडून निघालं आणि पुढचं आपोआप सुचलं. जाळ बाहेर काढता येत नाही, पण रस काढता येतो. मॅग्नेशियम घन आहे, ब्रोमाइड द्रवात आहे. दोघांची ताटातूट केली की पेटायला काही उरत नाही.

तापमान 18 अंशांवर उतरल्यावर ढवळणी थांबवली, किस खाली बसू दिला आणि नायट्रोजनच्या हलक्या दाबाने डिप पाइपमधून, म्हणजे वरून द्रवात बुडवलेल्या नळीतून, द्रव शेजारच्या रिकाम्या, कोरड्या टाकीत ढकलायला सुरुवात केली. पाइपच्या तोंडाला जाळी होती हे आमचं नशीब. वीस मिनिटं मामा व्हॉल्व्हवर आणि मी तापमानावर, कुणीच बोललं नाही. पाऊस तेवढा चालू होता.

चार हिस्से गेले, एक हिस्सा उरला, आणि आकडा हलला. 19. 22. 31. "बंद करा!" मामांनी डिप पाइपचा व्हॉल्व्ह आवळला, मी नायट्रोजनचा दाब कंडेन्सरकडे सोडून दिला. 44. 58. 71. तिथे काटा घुटमळला आणि ब्राइनने तो हळूहळू मागे ओढला. साइट ग्लासमधून बघितलं तर आतला द्रव राखाडी, गढूळ. ग्रिन्यार झालं होतं.

पाचवा हिस्सा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास ब्रोमाइड. एवढ्याने काटा 71 पर्यंत नेला. हातपाय कापायला लागले ते त्यानंतर.

चूक माझी होती. बॅच शीटमध्ये मी "45 अंशांवर तासाला 14 किलो" असं लिहिलं होतं. म्हणजे घड्याळ बघून ओतायचं. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये दहा मिनिटांत गढूळपणा डोळ्यांना दिसायचा, म्हणून "सुरू झाल्याची खात्री करा, तोवर थांबा" ही ओळ लिहायचं मला सुचलंच नाही. फ्लास्ककडून 500 लिटरच्या भांड्याकडे जाताना आकारमान पाचशे पट होतं, पण उष्णता बाहेर काढणारा पृष्ठभाग साधारण 63 पटच वाढतो. लिटरमागे आठवा हिस्सा. हे गणित मी नव्या मुलांना शिकवते, आणि तरीही शीट फ्लास्कच्याच अंदाजाने लिहिली.

सॉल्व्हंटचा राखून ठेवलेला नमुना पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्रावर लावला. पाणी 0.14 टक्के. आम्हाला 0.02 च्या खाली हवं असतं. दोन दिवसांपूर्वी उघडलेला ड्रम, सैल बसलेलं बूच आणि कोल्हापूरचा पावसाळा. एवढ्या सॉल्व्हंटमध्ये जेमतेम दोनशे ग्रॅम पाणी, पण तेवढं पुरलं. सॉल्व्हंट 2-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान होता. जुन्या कृतीतला डायएथिल ईथर 35 अंशांना उकळतो, तो आमच्या शेडमध्ये मे महिन्यात ड्रममध्येच उकळायला बघेल. हा जो नवा आहे तो फरफ्युरालपासून करतात, आणि फरफ्युराल उसाच्या चिपाडापासूनही निघतं. हे ऐकून मामांना फार बरं वाटलं होतं.

शीट त्याच रात्री नव्याने लिहिली. ड्रममधल्या सॉल्व्हंटचं पाणी मोजल्याशिवाय तो रिॲक्टरमध्ये भरायचा नाही. आधी फक्त पाच टक्के ब्रोमाइड, मग थांबायचं. जॅकेट न वाढवता तापमान चढलं आणि टिकलं, तरच पंप. तापमान पडलं तर पंप आपोआप बंद, त्यासाठी इंटरलॉक बसवून घेतला. आणि बॅच रिकामी करताना दहावा हिस्सा ग्रिन्यार तळाशी ठेवायचा. तो पुढच्या बॅचमधलं उरलंसुरलं पाणीही खातो आणि रिॲक्शनही लगेच धरतो.

"म्हंजे इरजान," मामा म्हणाले. मी तीन परिच्छेद लिहिले होते, त्यांना एक शब्द पुरला.

पहिलं विरजण तर तयारच होतं. ज्या पाचव्या हिश्श्याने आम्हाला घाबरवलं तो नायट्रोजनखाली तसाच ठेवला होता. काढून घेतलेला द्रव पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हवर वाळवला, पाणी 0.01 टक्के आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच परत सोडायला घेतला, आधी चारच किलो. मी वर गेलेच नाही, रिॲक्टरपाशी उभी होते. दोन मिनिटांत 45 चे 47 झाले, मग 50. पंप थांबवून बघितलं, तापमान हळूच उतरायला लागलं. पुन्हा चालू केला, पुन्हा चढलं. जेवढं ओतू तेवढंच जळत होतं.

मामांनी खिशातलं पेन काढलं आणि शीटच्या शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "10.40. विरजण लागलं." खाली मी सही केली.