पान्यांना पंचेचाळीस हजारांचं कपाट?

गॅरेजमधल्या नव्या टूल चेस्टचा, म्हणजे हत्यारं ठेवायच्या चाकांच्या कपाटाचा, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पहिली प्रतिक्रिया काकांची आली. "अगं, पाने-पकडी ठेवायला पंचेचाळीस हजारांचं कपाट? एवढ्यात इथे गोदरेजचं आलं असतं नि वर पैसे उरले असते." पाठोपाठ आत्याने विचारलं, "तुला घेतलंय की जावयांना?" कपाट मला घेतलंय. काकांना दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण हाच प्रश्न इथे आल्यापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय, तेव्हा एकदा नीट बसून लिहितेच.

आधी पैशांचं बोलू, कारण सगळे तिथेच अडतात. नाशिकला नळ गळायला लागला की कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे निरोप ठेवायचा, संध्याकाळपर्यंत मिस्त्री हजर. दोन-तीनशे रुपये आणि कपभर चहा, झालं काम. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या उपनगरात प्लंबर नुसता दारात येण्याचेच शंभर-सव्वाशे डॉलर घेतो. मग तासाचे वेगळे, सामानाचे वेगळे. गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायचा मेकॅनिकने जो आकडा सांगितला, त्याच्या पाव भागात पॅड घरी आले आणि शनिवारच्या सकाळी मी ते बसवलेही. कपाट पाचशे डॉलरचं, वर मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर. अशी दोन-चार कामं स्वतः केली की त्याची किंमत वसूल होते. डॉलरचे रुपये करून पाहिलं की इथली प्रत्येक वस्तू उधळपट्टी वाटते. तोच गुणाकार इथल्या मजुरीलाही करून पाहा एवढंच माझं म्हणणं आहे.

बरं, साधी पेटी का नाही पुरत? पुरली असती, जर एकाच मापाची हत्यारं लागली असती. आपल्याकडे दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतरा असा पान्यांचा एक संच घेतला की स्कूटरपासून पाण्याच्या मोटरपर्यंत सगळं निभतं. इथे गाडीचे नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये, आणि घरातलं बाकी सगळं, म्हणजे गवत कापायचं मशीन, नळजोडण्या, गॅरेजच्या दाराचे बोल्ट, इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की बोल्टचे कोपरे गोल करून ठेवतो. म्हणून पाने दोन संच, सॉकेट दोन संच, ॲलन की दोन संच. हे सगळं एका पेटीत कोंबलं की कामापेक्षा शोधाशोधीतच वेळ जातो. जगाने मिलिमीटर स्वीकारून जमाना झाला, या एका देशाने प्रत्येक घराला दुप्पट हत्यारं घ्यायला लावलीयत, आणि याचं इथे कुणाला काही वाटत नाही. मला मात्र रोज वाटतं.

आता कपाटाकडे येते. दुकानात ओळीने लावून ठेवलेली असतात. हार्बर फ्रेटमध्ये यू.एस. जनरल, होम डेपोत हस्की, लोजमध्ये कोबाल्ट आणि क्राफ्ट्समन. क्राफ्ट्समन हा १९२७ पासूनचा सीअर्स या दुकानसाखळीचा ब्रँड. २०१७ मध्ये तो स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतला. सगळ्यात वरच्या पायरीवर विस्कॉन्सिनमधल्या केनोशाची स्नॅप-ऑन. तिची गाडी वर्कशॉपच्या दारात येते आणि मेकॅनिक लोक हप्त्याने हत्यारं घेतात. त्यांचं कपाट हजारो डॉलरचं असतं आणि दिवसातून दोनशे वेळा खण उघडणाऱ्याला ते परवडतंही. शनिवार-रविवार काम करणाऱ्या घरगुती माणसाला त्याची गरज नाही.

मला खरा राग आला तो कपाटांवरच्या पाट्यांचा. पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय, तर खण किती, आतली जागा किती घनइंच, आणि एकूण वजन किती हजार पौंड पेलणार. यातला एकही आकडा वस्तू चांगली की वाईट हे सांगत नाही. खण जास्त हवे असतील तर उथळ खण वाढवले की झालं. घनइंच वाढवायला एखादा खोल खण पुरतो, आणि तो पुढे अडगळीनेच भरतो. एकूण वजनाचा आकडा तर आणखी फसवा; सगळा भार शेवटी चार चाकांवर येतो आणि ती चाकं कुठल्या पट्टीला, किती बोल्टनी बसवलीत हे बघायला गुडघ्यावर बसून खाली वाकावं लागतं. पत्रा किती गेजचा हे विचारलं तर विक्रेता मोबाइल काढून शोधायला लागतो. आमच्या नाशिकजवळच्या सातपूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडे पोरगाही तुम्हाला तोंडावर सांगेल, की गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे जेमतेम पाऊण. बाजूच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली तरी कळतं. पातळ पत्रा डब्यासारखा वाजतो.

खरं बघायचं ते चॅनल, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या. आपल्याकडे सुतार किचन ट्रॉलीला लावतात तसेच, छर्‍यांचे. मी दुकानात सगळ्यात वरचा रुंद खण पूर्ण बाहेर ओढते, दोन्ही हातांनी पुढची कड धरते आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ढकलते. खण तिरका होऊन अडकला तर ते कपाट माझ्यापुरतं बाद. मग उघड्या खणाच्या पुढच्या कडेवर तळव्याने जोर द्यायचा आणि तो किती लवतो ते बघायचं. घरच्या वापराला एका चॅनलजोडीची शंभर पौंडांची, म्हणजे ४५ किलोंची क्षमता भरपूर होते. रुंद आणि खोल खणांना दुहेरी जोडी असली तर उत्तम. खण शेवटपर्यंत बाहेर आला पाहिजे. तीन चतुर्थांश उघडणाऱ्या खणात मागे गेलेली वस्तू कायमची गेली. आणि बंद खण हलक्या खटक्याने जागेवर बसला पाहिजे, म्हणजे कपाट ढकलताना खण आपोआप उघडत नाहीत. एवढ्या तपासण्या केल्या तेव्हा दुकानातला मुलगा जवळ येऊन उभा राहिला. त्याला वाटलं मी काहीतरी मोडतेय.

रुंदीचंही तसंच. २६-२७ इंची कपाट स्वस्त मिळतं आणि नवख्या माणसाला तेच सुचवतात. पण थंडीचे टायर चढवायचे तर टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावणारा लांब पाना, लागतो, आणि अर्धा इंची ड्राइव्हचा टॉर्क रेंच दोन फुटांच्या आसपास असतो. लहान कपाटाच्या खणात तो आडवा मावत नाही. ४४ इंचीमध्ये आरामात पडतो. खोलीही १८ इंचांपेक्षा २२ ची बरी. जास्तीच्या चार इंचांत ड्रिल मशीनचा डबा बसतो.

मिशिगनसाठी दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात आणि त्या कुठल्याच पाटीवर नसतात. इथल्या गॅरेजची जमीन दाराकडे उतरती केलेली असते, कारण हिवाळ्यात गाडीखाली साचलेलं बर्फ वितळून पाणी बाहेर जायला हवं. त्या पाण्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं. म्हणून चाकं मोठी हवीत, पाच इंची. तळ जमिनीपासून वर राहतो, काँक्रीटच्या भेगेत चाक अडकत नाही. फिरत्या चाकांना ब्रेक हवाच, नाहीतर भरलेलं कपाट उताराने गाडीच्या दरवाजावर जाऊन बसेल. दुसरी गोष्ट घामाची. मार्चमध्ये एखादा दिवस अचानक उबदार निघतो, दमट हवा गॅरेजमध्ये शिरते आणि रात्रभर गारठलेल्या लोखंडावर पाण्याचे थेंब धरतात. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर नव्या सॉकेटवर तांबूस डाग. खणात रबरी जाळीचा कागद अंथरायचा आणि हत्यारं तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायची, याला पर्याय नाही. आमच्याकडे बाबा पावसाळ्यात हेच करायचे.

हे सगळं मला शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी. मोटार कारखान्यात डाय, म्हणजे सुटे भाग घडवायचे साचे, बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी ब्रेक पॅड काढताना एका बोल्टशी झटत होते. ते रस्ता ओलांडून आले, शब्द न बोलता हातात लांब दांड्याचा पाना ठेवला आणि बाजूला उभे राहिले. "द्या, मी करतो" म्हणाले नाहीत. इथल्या माणसांची ही गोष्ट मला फार आवडते. बाईच्या हातातलं हत्यार काढून घेत नाहीत. त्यांच्याकडे केनेडी कंपनीची पेटी आहे, ओहायोतल्या व्हॅन वर्टची, तपकिरी सुरकुत्या पडल्यासारख्या रंगाची. आत प्रत्येक खणाला फेल्ट, त्यात मायक्रोमीटर, डायल गेज ही बारीक मापं घ्यायची साधनं ज्याच्या त्याच्या जागी. "खालचं चाकांचं कपाट आधी घे, चांगलं घे. वरची पेटी नंतर कधीही येते," एवढाच त्यांचा सल्ला होता. अलीकडे ते बाहेर फार दिसत नाहीत, मीच जाऊन येते.

पण म्हणून आपलं ते कमी असं कुणी समजू नये. बाबा सातपूरला फिटर होते. त्यांची घरची हत्यारं पत्र्याच्या एका पेटीत मावायची, आणि त्या पेटीवर त्यांनी शेजाऱ्यांच्या सायकली, आजीचं शिवणयंत्र, देवळातला पंखा, सगळं चालू ठेवलं. इथे पार्ट बदलतात, आपल्याकडे दुरुस्त करतात; यात हुशारी कुणाची जास्त लागते हे मी सांगायला नको. माझ्या कपाटात आजही टपारियाची पक्कड आहे, नाशिकहून आणलेली, माझ्याच सातपूरच्या कारखान्यातली. शेजारच्या आजोबांनी ती उघडझाप करून पाहिली, जबडे उजेडाकडे धरले, दोन्हींमधून उजेड येत नाही हे बघितलं आणि मान डोलावली. डाय बनवणाऱ्या माणसाची मान सहज डोलत नाही.

काकांनाही एक विचारायचंय. बाबांच्या हाताखाली शिकायला आमच्या घरातून कोण आलं? भाऊ इंजिनिअर झाला, त्याच्या घरी प्लग बदलायलाही माणूस येतो, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. कामाला माणूस मिळतो हे सुख आहेच. त्या सुखात आपण हत्यार धरणाऱ्याला कायम दाराबाहेर उभं केलं, हेही खरं आहे. इथे आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर रविवारी स्वतः डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, फळ्या ठोकतो आणि सोमवारी दवाखान्यात त्याचा रुबाब तसूभर कमी झालेला नसतो. पाचशे डॉलरचं कपाट या गोष्टींसाठी घेतलंय म्हटलं तर काकांना पटेल का माहीत नाही. मला पटलेलं आहे.

वरचे उथळ खण सॉकेटना, डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे इंच, मधे लाल पट्टी. त्याखाली पाने. मग पकडी, कानशी, छन्न्या. सगळ्यात खाली जॅकचे स्टँड आणि जड सामान, कारण वजन वर गेलं आणि दोन-तीन खण एकदम उघडले तर कपाट पुढे कलंडतं. लहान मुलं असलेल्या घरात किल्ली काढून ठेवावी. वरची पेटी अजून घ्यायचीय. ती याच कंपनीची, याच रुंदीची हवी, नाहीतर खालच्या कपाटावर बरोबर बसत नाही. डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी घर बदलताना ४४ इंची वरची पेटी विकत असेल तर कळवा, चॅनल बघून लगेच घेऊन जाईन.