दुकानाच्या दोन वर्षअखेरी

आमच्या दुकानाला दोन वर्षअखेरी असतात. एक ३१ मार्चची, ती सीएसाठी. दुसरी रमजानचा चाँद दिसतो त्या दिवसाची, ती अब्बांच्या जकातीच्या वहीसाठी. ही जकात म्हणजे नाक्यावरचा कर नाही, मालमत्तेतून दरवर्षी गरजूंसाठी काढायचा ठरलेला हिस्सा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून ही दुसरी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. अब्बा गेल्यापासून तिचा हिशेब मी करते.

जुन्या नाशकात दूध बाजाराजवळ आमचं चादरी-पडद्यांचं दुकान आहे. रमजानच्या आधीचा महिना, शाबान, संपत आला की भाऊ आणि मी शटर अर्धं ओढून माल मोजतो. भाव धरायचा तो आजच्या विक्रीचा, खरेदीचा नाही. कपाटं, काउंटर, शिलाई मशीन यांवर जकात नाही. विकायला ठेवलेल्या प्रत्येक चादरीवर आहे. येणं असलेली उधारी मिळवायची, सुरतेच्या व्यापाऱ्याचं देणं वजा करायचं, मग गल्ला, बँक आणि माझ्या बांगड्या. बेरजेचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे लाखाला २५०० रुपये.

बांगड्यांवरून लहानपणी मैत्रिणीशी भांडण व्हायचं. ती कोकणीपुऱ्यातली, त्यांच्या घरी शाफई मसलक, म्हणजे धर्मनियमांची एक परंपरा. अंगावर वापरायच्या दागिन्यांवर त्यांच्यात जकात नाही. आम्ही दुसऱ्या परंपरेतले, हनफी, आमच्यात आहे. दोघींनाही वाटायचं, दुसरीचे अब्बा चुकतात.

निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मालमत्ता, सोन्याची ८७.४८ ग्रॅम आणि चांदीची ६१२.३६ ग्रॅम. पैगंबरांच्या काळात हेच निसाब म्हणजे सोन्याचे २० दीनार आणि चांदीचे २०० दिरहम, आणि दोन्हींचं मोल जवळपास सारखं होतं. आज चांदीचा निसाब सोन्याच्या मानाने फार खाली आलाय. सोन्याचा धरला तर कितीतरी घरं सुटतात. अब्बा म्हणायचे, "चांदीचाच धर. ज्यात गरिबाचा फायदा, तो हिशेब." मला हे पूर्ण पटतं. जकात आपण मेहेरबानी म्हणून देत नाही. कुरआनात मालामध्ये मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला 'हक' आहे असं म्हटलंय. तो हिस्सा आपला नसतोच, वर्षभर फक्त आपल्या गल्ल्यात पडून असतो.

कुणाला द्यायची तेही ठरलेलं आहे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आठ हकदार सांगितलेत. फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि निराधार, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर असे. आई-वडील, मुलं, नवरा-बायको यांना देता येत नाही, त्यांना पोसणं ही तशीही जबाबदारीच. मशिदीच्या बांधकामालाही नाही, कारण रक्कम कुणा गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. पावती घेऊन कुणी गिलाव्यासाठी आलं की अब्बा वेगळ्या खिशातून द्यायचे. बहीण, भाऊ, फुफी म्हणजे आत्या, हे मात्र चालतात. उलट आधी त्यांचाच विचार करावा, त्यात नातंही जपलं जातं.

अब्बांनंतरच्या पहिल्या वर्षी मी वडाळ्याला फुफीकडे गेले. एकटी बाई, एक खोली, दुपट्ट्यांना गोंडे लावून पोट भरते. पाकिटं एकात एक मिसळू नयेत म्हणून मी कोपऱ्यात पेन्सिलीने 'ज' लिहिलं होतं. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या पर्समध्ये परत ठेवलं. चहा दिला. म्हणाली, "बेटा, माझ्या भावाने मला कधी जकात दिली नाही. ईदी द्यायचा, ईदची भेट."

त्या रात्री वही मागे चाळत गेले. दरवर्षी, सगळ्यात वरच्या ओळीत, एकच अक्षर: 'फु.' पुढे आकडा. बारा वर्षं.

घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगावं लागत नाही. देणाऱ्याची नियत पुरते. हा मसला मला पाठ होता, तरी मी पेन्सिल उचलली होती. आणि आता तिला खरं सांगून स्वतःची सुटका करून घेणंही शक्य नव्हतं.

या वर्षी पाकीट भावाने नेलं, रमजानच्या चार दिवस आधी, कारण अब्बा म्हणायचे की सहरी-इफ्तारचा किराणा ईदची वाट बघत नाही. पाकीट कोरं होतं. "दुकानाकडून ईदी, थोडी लवकर," एवढंच तो म्हणाला. फुफीने दुकान कसं चाललंय विचारलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्यासाठी मूठभर चारोळ्या निवडून त्याच्याबरोबर पाठवल्या. शीरखुर्म्याला अजून महिना होता.