लॉरीच्या लायसन्सचा पेपर : पाठांतर कुठे अडतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बहुतेक पोरं लर्निंगच्या पेपरला मोबाईलवरचे प्रश्न पाठ करून जातात. कारपुरतं लायसन्स हवं असेल तर तेवढ्यावर निभावतं. पुढे लॉरीवर बसायचं असेल तर तेच विषय दुसऱ्या नजरेने वाचावे लागतात. गाडी चालवून दाखवायच्या टेस्टच्या ट्रॅकवर इन्स्पेक्टरने तोंडी विचारलं, तर तिथे पर्याय अ, ब, क समोर नसतात.

विषय चारच आहेत आणि ते केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 11व्या नियमात दिलेत : चिन्हं आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, राखणदार नसलेलं रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि जवळ बाळगायचे कागद. प्रश्न पर्यायी असतात, किमान 60 टक्के बरोबर यावे लागतात.

फाटकाचा प्रश्न पोरं हमखास चुकतात. 'हॉर्न वाजवत हळू जावे' हा पर्याय डोळ्यांना बरा दिसतो, म्हणून त्यावर बोट पडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 131 वेगळं सांगतं. गाडी थांबवायची. क्लीनरने उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना रेल्वे किंवा ट्रॉली येत नाही हे बघायचं आणि मग गाडीपुढे राहून ती पलीकडे घ्यायची. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून बघायचं. कारण सरळ आहे : भरलेली लॉरी रुळांवरून निघायला वेळ घेते, आणि मध्येच बंद पडली तर ढकलून हलत नाही. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं 2019 पर्यंत बंद झाली, पण कलम आणि प्रश्न दोन्ही जागच्या जागी आहेत.

अपघाताचं कलम 134. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात न्यायची व्यवस्था करायची, पोलिसाने विचारलेली माहिती द्यायची, पोलीस हजर नसेल तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत कळवायचं. जमाव भडकला म्हणून मदत करणं शक्यच नसेल, तर कायदा तेवढी सूट देतो. ठाण्यात जाण्याची सूट मात्र गृहीत धरू नये. विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं : पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील. हा शेवटचा भाग लॉरीमालकावर ढकलून ड्रायव्हर मोकळे होतात आणि नंतर दावा अडला की धावाधाव सुरू होते.

कागदांत लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी कारवाल्यालाही लागतात. मालवाहू गाडीला परमिट आणि फिटनेस वाढतं. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोट्या टेम्पोवर शिकलेल्याच्या डोक्यात परमिट बसलेलंच नसतं. आपल्याकडे तर कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र आणि चोर्ला उतरलं की गोवा. कर्नाटकापुरत्या परमिटवर तिकडे माल नेता येत नाही, त्यासाठी नॅशनल परमिट हवं. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, फक्त घाटात रेंज नसते हे ध्यानात ठेवून आधीच उघडून बघावेत.

चिन्हांसाठी दोनशे चित्रं घोकण्यापेक्षा आकार ओळखा. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोन म्हणजे माहिती. आठ कोनांचं एकच, थांबा. उलटा त्रिकोणही एकच, रस्ता द्या. घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग नाही, माणूस किंवा माल उतरवायला थांबता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंच नाही. फाटकाच्या त्रिकोणात कुंपणासारखं गेट दिसलं तर राखणदार आहे, इंजिन दिसलं तर नाही. गाडीचं नाक वर असेल तर चढ, खाली असेल तर उतार.

लॉरीवाल्याने लाल वर्तुळातले आकडे वेगळे बसून बघावेत. आकड्याच्या वर-खाली बाणाची टोकं असतील तर उंचीची मर्यादा, डाव्या-उजव्या बाजूला असतील तर रुंदीची. नुसता टनाचा आकडा म्हणजे पूर्ण गाडीचं वजन, आणि आकड्याखाली अ‍ॅक्सल (दोन बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा) व चाकं काढलेली असतील तर एका अ‍ॅक्सलवरचं वजन. ही शेवटची जोडी जुन्या पुलांवर कामाला येते. वजन जास्त भरलं तर कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

वेगाचा प्रश्न आला तर कारचा आकडा देऊ नका. मालवाहू गाडीला एक्सप्रेसवेवर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल 80, शहरात आणि इतर रस्त्यांवर 60. जागेवरच्या फलकावर त्याहून कमी लिहिलं असेल तर फलक खरा.

घाटाचा नियम : रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. भरलेली लॉरी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो नाहीतर गाडी मागे सरकते. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे उत्तरही पाठ असतं, कारण माहीत नसतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाची अडवण जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पायडल दाबूनही गाडी धरत नाही. डिझेल वाचवायला इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की टाकीतली हवा उतरते. पॉवर स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

आता भाषा. पेपरला कन्नड आणि इंग्रजी हे पर्याय असतात. आपल्या पोरांना कन्नड बोलता येतं, पण वाचताना अडतं. अपघात, पादचारी, नोंदणी, वेग, दंड हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत, त्यामुळे निम्मा प्रश्न लिपी जुळली की कळतो. उत्तर फिरतं ते वाक्याच्या शेपटीवर : 'बेकु' असेल तर केलंच पाहिजे, 'बहुदु' असेल तर केलं तरी चालतं, 'बारदु' किंवा 'कूडदु' असेल तर करायचं नाही. एड म्हणजे डावं, बल म्हणजे उजवं, तिरुवु म्हणजे वळण, सेतुवे म्हणजे पूल, मेलिन एल्लवू म्हणजे वरील सर्व. एवढे शब्द कन्नड लिपीत ओळखता आले की कन्नड पेपर घ्यायला हरकत नाही, नाहीतर इंग्रजी बरं.

पात्रतेचं थोडक्यात. वाहतूक गाडीसाठी वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं, फॉर्म 1-अ वर डॉक्टरचं प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. लर्निंग सहा महिने चालतं, 30 दिवसांनंतर टेस्ट देता येते. आणि पिकअपच चालवायची असेल तर आधी गाडीचं एकूण वजन बघा : 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय. टँकरवर पेट्रोल, गॅस न्यायचा असेल तर उलट, जड लायसन्सही पुरत नाही. घातक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते.