कुंपणाशी उभं राहून निवडलेली स्की-शाळा

२०२३ च्या फेब्रुवारीत आमचा मोठा मुलगा स्की-शाळेच्या पहिल्याच दिवशी ओल्या विजारीने परत आला. सहा वर्षांचा होता. पुण्याहून म्युनिकला येऊन आम्हाला जेमतेम पाच महिने झाले होते, त्याचं जर्मन अजून तुटक होतं. अंगात थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर खांद्यांवरून पट्टे येणारी स्नो-पँट, पायात पोटरीपर्यंतचे टणक बूट. अशा कपड्यांत शूची घाई झाली तर मोठ्या माणसाचीही धांदल उडते. ग्रुपमध्ये तेरा मुलं आणि शिक्षक एकच. खोलीवर आल्यावर मी त्याचे बूट ओढून काढत होते तेव्हा तो म्हणाला, "आई, मी हात वर केला होता."

त्या आठवड्यात त्याच्या ग्रुपचे शिक्षक तीनदा बदलले. बुधवारी त्याने जायला साफ नकार दिला. ती शाळा आम्ही वेबसाइटवरचे फोटो आणि शुक्रवारच्या शर्यतीत सगळ्यांना मिळणारी पदकं बघून घेतली होती. 'मी हात वर केला होता' या त्याच्या वाक्याने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

पण आल्प्सच्या पायथ्याशी राहायचं तर स्कीइंग टळत नाही. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, फेब्रुवारीत फाशिंगच्या (कार्निव्हलच्या) सुमाराला शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि वर्गातली अर्धी मुलं डोंगरात जातात. नोव्हेंबरमध्ये मोठ्या मुलानेच विषय काढला. त्याला 'पिझ्झा' नीट यायला हवा होता. पिझ्झा म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. त्याने वेग कमी होतो आणि थांबता येतं. स्की समांतर झाल्या की 'पोमेस', म्हणजे फ्रेंच फ्राइज. आधी हा पिझ्झा, ज्याला नांगरही म्हणतात, मग वळणं, मग समांतर स्की हा क्रम बसवण्यात ऑस्ट्रियन स्की-शिक्षक हान्नेस श्नायडर यांचा मोठा वाटा. त्यांनी १९२१ मध्ये आर्लबर्गमधल्या सांक्ट आंटोनला स्की-शाळा काढली. आजही ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातलं चार वर्षांचं मूल पिझ्झापासूनच सुरुवात करतं.

या खेपेला धाकटीही साडेचार वर्षांची होणार होती. मी चार शाळांना एकच ईमेल पाठवलं. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती मुलं? आठवडाभर शिक्षक तोच राहील का? संडास सरावाच्या जागेपासून किती लांब, आणि मुलाला तिथे कोण नेतं? मूल रडायला लागलं तर काय करता? एका शाळेने उत्तर म्हणून नुसतं दरपत्रक पाठवलं. एकीने लिहिलं की आमच्याकडे मुलं रडतच नाहीत. ती मी तिथल्या तिथे यादीतून काढली, कारण चार वर्षांचं मूल परक्या माणसांत, परक्या बर्फात रडणारच. उरलेल्या दोघींची उत्तरं नीट होती. आठ मुलांची मर्यादा, लहानांच्या ग्रुपला शिक्षकाशिवाय एक मदतनीस.

शिक्षकाच्या पात्रतेचाही प्रश्न मी विचारला होता. तिरोलमध्ये 'अनवेर्टर' म्हणजे उमेदवार शिक्षक साधारण दहा-बारा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन नवशिक्यांना शिकवू शकतो. मला त्यात गैर काही वाटत नाही. एकोणीस-वीस वर्षांची ही पोरं लहान मुलांत फार छान रमतात. फक्त त्यांच्या जोडीला जाणतं माणूस मैदानावर हजर हवं, फोनवर नव्हे.

त्या वर्षी २ डिसेंबरला म्युनिकमध्ये इतका बर्फ पडला की विमानतळ बंद ठेवावा लागला. दोन आठवड्यांनी, शनिवारी, आम्ही दोघं, मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवून, तिरोलमधल्या एल्माऊ गावाला गेलो. म्युनिकहून दीड तासाचा रस्ता. मोटरवेवरून कुफश्टाइन-झ्यूडला उतरलं तर ऑस्ट्रियाचा विन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, लागत नाही, २०१९ च्या डिसेंबरपासून तो टप्पा मोकळा आहे. समोर विल्डर काइझर डोंगररांगेचे करडे सुळके, पायथ्याशी स्की-शाळांची मैदानं. सकाळी साडेअकरा ते साडेबारा एका कुंपणाशी आणि जेवणानंतर दुसऱ्या कुंपणाशी उभं राहून आम्ही फक्त बघत होतो.

पहिल्या शाळेचं मैदान प्रशस्त होतं. गाणी, फुगवलेली कमान, प्राण्याच्या पोशाखातला माणूस. तिथे लाल जॅकेटमधलं एक मूल बर्फात फतकल मारून बसलं होतं. नवऱ्याने घड्याळ लावलं. अकरा मिनिटं त्याच्याकडे कुणी आलं नाही.

दुसरीकडे जागा निम्मी. एक 'जादूचा गालिचा', म्हणजे मुलांना उभ्याउभ्या वर नेणारा सरकता पट्टा. साठीच्या आसपासची एक बाई शिकवत होत्या. एका मुलीची स्की सुटली. बाई बर्फात गुडघा टेकून बसल्या, तिचा बूट स्वतःच्या मांडीवर घेतला, तळव्याला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढला आणि मग टाच दाबली. खट्. तो बर्फ काढला नाही तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बसत नाही, बसलं तरी भलत्या वेळी सुटतं. मुलीशी त्या सगळा वेळ काहीतरी बोलत होत्या. संडास पट्ट्यापासून वीसेक पावलांवर, तळमजल्यावर, पायरीसुद्धा नाही. प्रत्येक मुलाच्या बंडीवर आईवडिलांचा फोन नंबर. गाडीत बसायच्या आधी आम्ही नावं नोंदवली.

मोठ्याला पूर्ण दिवस, दहा ते बारा आणि एक ते तीन, मधल्या जेवणासकट. धाकटीला फक्त सकाळचे दोन तास. शाळेच्या ऑफिसात म्हणाले की पूर्ण दिवस घेतलात तर प्रगती लवकर होते. मी ऐकलं नाही, आणि ते बरं झालं. २०२४ चा फेब्रुवारी ऑस्ट्रियात मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला. एल्माऊ आठशे-सव्वाआठशे मीटरवर. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं आणि मधून कृत्रिम बर्फाचा पांढरा पट्टा. सकाळी तो कडक असायचा, दुपारी त्याचा लगदा व्हायचा. त्या लगद्यात लहानग्यांच्या मांड्या भरून येतात आणि पडणं वाढतं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सामान भाड्याने घेतलं. लहान मुलांची स्की छाती ते हनुवटीच्या दरम्यान उंचीची पुरते, काठ्या लागत नाहीत. दुकानदार वजन विचारतो तेव्हा अंदाजे सांगू नका, आदल्या दिवशी काट्यावर उभं करा. त्या आकड्यावर बाइंडिंग किती जोराने सुटेल ते ठरतं. फार घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ पायाच्या हाडावर येतो. तिरोलमध्ये हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण आमची शाळा त्याशिवाय मुलाला आत घेत नव्हती.

सासूबाई त्या हिवाळ्यात सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी नातीसाठी लोकरीचे जाड मोजे विणले होते. "आई, हे खोलीत घालू दे," मी म्हटलं, "बुटात एकच पातळ मोजा लागतो. दोन घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो." त्यांनी मोजा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "मग हातात तरी बोटांचे नकोत, मुठीचे घाल." अगदी बरोबर. मिटन्समध्ये बोटं एकमेकांना ऊब देतात.

सोमवारी धाकटी रडली. मदतनीस मुलीने तिच्या स्की काढल्या, तिला उचलून बाकावर घेतलं आणि दहाएक मिनिटं नुसती सोबत बसली. मग दोघी हात धरून गालिच्याकडे गेल्या. मंगळवारीही रडली, पण थोडंच. मोठा बुधवारी खुर्चीच्या लिफ्टने वरच्या निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावर गेला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, तो दर संध्याकाळी न विचारता बोलत होता.

गुरुवारी मी आणि सासूबाई कुंपणाशी थर्मास घेऊन उभ्या होतो. धाकटी गालिच्याच्या रांगेत तिसरी होती. तिने मिटनचा हात वर केला. माझा श्वास अडकला. मदतनीस वळली, वाकून तिने विचारलं, टाचा दाबून स्की सोडल्या आणि दोघी लाकडी दारातून आत गेल्या. स्की बर्फात रोवलेल्या. काही वेळाने धाकटी बाहेर आली, आमच्याकडे न बघता परत रांगेत जाऊन उभी राहिली.

"गेली बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला.